वास नाय आला

लोट्याला, रसायनाच्या कारखान्यामागे
एका गाळ्यात आम्ही घाट ठेवलाय.
तीन पडदे, एक सीट, एक स्टिअरिंग,
एसी अठरावर.
टँकरवाल्यांनी वर्षातून एकदा यायचं
आणि कुणालाही न मारता
खाली उतरून दाखवायचं.

शिगवण, सोनू धाकू. वय त्रेपन्न.
चपला दाराबाहेर काढून आले.
राहू द्या, म्हटलं, ब्रेक दाबायचाय.
तरी अनवाणीच बसले,
स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला.

मी बटणांपाशी.
माझ्याकडे एक म्हैस आहे, एक शाळकरी पोरगा,
फुटणारा टायर, हवं तेवढं धुकं.
कधी सोडायचं ते मी ठरवते.
मला स्वतःला फक्त स्कूटी येते.

म्हैस सोडली. त्यांनी आधीच वेग मारला होता.
पोरगा सोडला. करकचून थांबले,
आणि नसलेल्या खिडकीतून वाकून
पडद्यातल्या पोराला आयशीवरून शिवी हासडली.

चौथ्या वळणावर मी काहीच सोडलं नव्हतं.
तिथं त्यांनी खिशातून नाणं काढलं,
डावीकडे फेकलं.
फरशीवर वाजलं, घरंगळत
माझ्या खुर्चीखाली गेलं.
आमच्या घाटात देऊळ नाही.
घाट बंगळूरच्या मुलांनी केलाय.

मग उतार. लांबलचक, भरल्या टाकीचा.
पाय ब्रेकवर, पाय ब्रेकवरच,
माझ्याकडे लाल आकडा चढत होता,
त्यांच्यासमोर नुसती झाडं, सगळी एका मापाची.
टँकर कठड्यातून अलगद
निळ्या रंगात गेला.
काहीही सांडलं नाही.

ते बसून राहिले.
"वास नाय आला," म्हणाले.
"लायनर जळला का आदी वास येतो, म्याडम.
मंग गियर उतरवायचा.
सव्वीस वर्सं नाकानंच उतरवतंय."

मी म्हटलं, वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो.
म्हणजे, तसं पुस्तकात आहे.

पंख्याकडे पाहत बसले. पंखा बंद होता.
"होय," म्हणाले,
"परकारालापन वास आला आसंल."

उतरताना त्यांचा पाय पायरी शोधत
हवेत जरा लोंबकळला.
सीट जमिनीपासून वीतभरच वर आहे.

फेरपरीक्षा गुरुवारी.
नाणं संध्याकाळी सापडलं, दोन रुपयांचं.
परत देईन म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलंय,
पण घेतील असं वाटत नाही.
घाटात टाकलेलं कोण परत घेतं?