खाडा

सरकारी पानावर माझी वर्षं
एकाखाली एक उभी आहेत,
हजेरीला उभ्या केलेल्या पोरांसारखी.
पंच्याहत्तर ते त्र्याऐंशी, पूर्ण.
मग पंधरा वर्षं काहीच नाही :
ग्रिम्सबीच्या गोदीवर मासे सोलत होते,
शुक्रवारी पाकीट हातात, कागदावर शून्य.
त्यांचं मी बोलत नाही. ती गेली.

मी बोलतेय या चारांचं.
दोन हजार बारापासून सोळापर्यंत.
समोर लाल अक्षरांत : अपूर्ण, अपूर्ण, अपूर्ण, अपूर्ण.

पूर्ण पेन्शनला पस्तीस लागतात. माझी एकतीस.
सहासष्टावं लागायला तीन महिने,
आणि जुनी वर्षं भरायची खिडकी
पाच एप्रिलला बंद.

फोन स्पीकरवर टाकून ठेवलाय,
तेच तेच संगीत, पन्नास मिनिटं.
तोवर दोन हॅडक साफ झाले,
मांजर येऊन गेलं.

मग न्यूकॅसलहून कॅलम नावाचा मुलगा.
आवाज इतका कोवळा
की याच्या आईला भरावी लागतील का वर्षं,
असं विचारावंसं वाटलं.

“त्या काळात आपण काय करत होता?”

वडील, म्हटलं.
ट्रॉलरवरचे. चाळीस वर्षं आइसलँडचं पाणी.
डोकं गेलं तरी भरती गेली नव्हती त्यांची.
रात्री दोनला उठायचे, बूट मागायचे,
दाराला कडी लावली तर दारालाच शिव्या.
मी कोट चढवून त्यांच्यासोबत जिन्यात बसायचे
पाणी उतरेपर्यंत.
मला एडना म्हणायचे. एडना त्यांची बहीण,
मी जन्मायच्या आधीच मेलेली.
सुरुवातीला सांगत होते, बाबा, मी एव्हरिल.
नंतर एडनाच झाले. सोपं पडलं.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज.
“म्हणजे आठवड्याला वीस तासांहून जास्त?”

हसूच आलं.
बाळा, आठवड्याला तास किती असतात?

“तेव्हा अर्ज केला असता,” कॅलम म्हणाला,
“तर ही वर्षं फुकट मिळाली असती.”
कुणी सांगितलं नाही.
“वेबसाइटवर होतं.”
मग तोच थोडा गप्प झाला.
“सॉरी,” म्हणाला, कागदावर नसलेलं.

आता विकत. वर्षाला आठशेच्या आसपास,
परतावा आठवड्याला सहा पौंड.
तीन वर्षं जगले तर पैसे वसूल;
वडील नव्वदीपर्यंत जगले.

पहिलं वर्ष जरा स्वस्त :
एकोणीस आठवडे कारखान्यात भरलेले होते,
तेहेतीस कोरे.
विसाव्या आठवड्यात ते स्लिपर घालून
हंबरच्या मुखाशी चिखलात उभे सापडले होते,
गुडघाभर, भरती चढताना.
सुपरवायझर म्हणाली, खाडे फार होतात तुझे.
मी एप्रन काढला, खुंटीला लावला.
त्या तेहेतीस आठवड्यांची किंमत
कॅलमनं पेन्सपर्यंत सांगितली.

बँकेत एकवीसशे होते,
आणि पाण्याची टाकी गळतेय.
“कोणती वर्षं भरायची?”

अर्धवट आधी, म्हटलं. मग तेरा.
मग थांबले.
चौदामध्ये एकदाच, ऑगस्टात,
लोणी लावलेला पाव पुढे केला तेव्हा
त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले,
एव्हरिल, थकलीस गं.
पुढच्या घासाला पुन्हा एडना.

पंधरा सबंध काळं आहे,
सोळाच्या फेब्रुवारीपर्यंत.

“बाई, आहात ना लाइनवर?”

पंधरा घाल, म्हटलं.
ते कुणीतरी भरून द्यायला हवं.
चौदा राहू दे.

“तुमचे आठवड्याला सहा पौंड कमी होतील.”
माहीत आहे रे.

त्यानं अठरा आकडे सांगितले,
मी ते वडिलांच्या भरती-ओहोटीच्या जुन्या वहीत
मागच्या पानावर लिहून घेतले.
पुढच्या पानांवर माझंच अक्षर :
२.१० उठले. ३.४० झोपले.
४.१५ उठले.
एकाही रात्रीचा खाडा नाही.