पेन्सिलीने

हात वर कर, योर्लादीस. श्वास आत ओढू नकोस,
टेपशी खोटं बोलून काय मिळणार?
एकशे चार.

कालीच्या या गल्लीत आम्ही सगळ्या पोटाचे पट्टेच शिवतो.
चौकात चार दवाखाने,
प्रत्येकाच्या सावलीला एक शिवणयंत्र.
डॉक्टर कापतो, शिवतो, पुढच्या टेबलाकडे वळतो.
नंतर सहा आठवडे बाईला धरून ठेवतं ते माझं कापड.
म्हणून विचारते, राग मानू नकोस:
सिगरेट सोडलीस?

"कमी केलीय" म्हणजे सोडली नाहीस.
रक्त पुरलं नाही की टाक्यांची कड काळी पडते.
पाहिलीय मी,
फार पिकलेल्या केळ्याच्या सालीसारखी.

वजन अजून उतरतंय? मग थांब.
हे वजन उतरवायचं काम नव्हे,
वजन गेल्यावर मागे उरलेलं कापड आवरायचं.
आतले स्नायू फाकलेत, तेही ओढून शिवतील अस्तरासारखे.
आणखी मूल हवं असेल तर आधी ते होऊ दे.

ती हसते. तीन आहेत म्हणते, त्यातली दोन एकाच पहाटे आलेली.
बस चालवते. वळणावर चाक पोटाला घासतं.
"दोन आठवड्यांची रजा टाकलीय."
बाई, बसचं चाक दोन आठवड्यांत?
डॉक्टरला विचार आधी, मालकाला मग.

आणि ऐक, हे कागदावर बारीक अक्षरात असतं:
पोटातून दोन नळ्या निघतील, टोकाला दोन फुगे.
रोज रिकामे करायचे, मोजायचं, वहीत लिहायचं.
आधी लाल, मग पेरूच्या सरबताचा रंग, मग फिकट.
झोपायचं गुडघ्याखाली उशी घेऊन.
शिंक आली की दुसरी उशी पोटाशी.
चालशील ती वाकून, हरवलेलं नाणं शोधत असल्यासारखी,
पण चालायचं, सांगतील त्या पहिल्याच वेळेपासून.
एक पोटरी सुजली, दुखली, दम लागला
तर मला फोन नको. सरळ दवाखान्यात,
रात्रीचे तीन असले तरी.

घरी कोण असेल?

"येफर्सन आहे. मोठा झालाय."
किती?
"अकरा."

खाली चोंतादुरोवाली ओरडत गेली.
मी टेप गुंडाळली, पुन्हा सोडली.

"बेंबीचं काय करतात?"
तिला जागेवरच ठेवतात. देठ खाली खिळलेलाच असतो.
वरची कातडी ताणून घेतात
आणि तिच्यासाठी नवी खिडकी कापतात.
"म्हणजे माझीच?"
तुझीच. ओरडशील तेव्हा त्याच देठापासून ओरडशील.

"आणि कापलेलं?"

माझी नजर कातरणाच्या टोपलीकडे गेली.
तिचीही.

"जुळ्यांच्या रेघा आहेत इथे," ती म्हणाली
आणि बोटाने दाखवल्या, रस्ता सांगावा तशा.
खालच्या जातील. वरच्या खाली सरकतील, राहतील.
आणि या कमरेपासून त्या कमरेपर्यंत
एक नवी मिळेल. फिकट होईल, जाणार नाही.
ती नको असेल तर आत्ताच सांग,
कापड अजून कापलेलं नाही.

ती काही बोलली नाही.
आरशात बाजूने उभी राहिली.
कातडी मुठीत धरली, सोडली,
पुन्हा धरली.

सूज येते, उतरते, म्हणून
शिवणीत दोन बोटं माया ठेवते मी, सगळ्यांच्याच.
आणि रविवारी दुकान बंद असतं.
नळ्यांची वही मला लिहिता येते,
अकरा वर्षांच्या पोराला नको ते.

तिने निम्मे पैसे काढले, मोजले.
तारीख? मी विचारलं.
"घेतली नाही अजून."

पैसे परत तिच्या हातात ठेवले.
मग वहीत तिचं नाव लिहिलं शाईने,
माप पेन्सिलीने.