गुडघाभर

बाप्तिस्म्याच्या टाकीत यंदा
टँकरचं पाणी, तेही गुडघाभर.
अंबड रोडवरच्या आमच्या चर्चात
चार नावं आली, चौथं
तिर्सा खरात, वय आठ.

पाळकसाहेब म्हणाले, थांबू, लेकरू आहे.
तिच्या आईनं एक वचन काढलं,
आजोबांनी दुसरं, उलट बाजूचं.
मी वडीलमंडळातला, वहीत खुणा करणारा.
विचारलं, पाप म्हणजे काय, सांग.
उत्तर मीच पाठ करून घेतलेलं.

ती पाठाचं विसरली.
"टँकर आला तवा
गोदामावशीची घागर मी मागं सरकवली.
तिला एकच कळशी भेटली.
मंग रात्री मला पाणी गिळंना."

कुणी हसलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी मी बुडी मारली होती ह्याच टाकीत
सगळी उत्तरं बरोबर देऊन,
आणि वर आलो तेव्हा डोक्यात
सासऱ्यानं कबूल केलेली मोटरसायकल.

पण तिलाही कदाचित नुसतं
मोठ्या बहिणीशेजारी पुढच्या बाकावर बसायचं असेल,
ताटलीतला भाकरीचा तुकडा हवा असेल.
काय सांगावं.
वहीत तिच्या नावापुढं
मी नुसतं बोट ठेवून बसलो.

संध्याकाळी टाकीपाशी ती,
काठीनं खोली मोजत.
"काका, तुमचा गुडघा म्हंजे माझी कंबर.
मला पुरंल."
मग जरा थांबून,
"झाल्यावर हे पाणी कुणाला देता?"

नालीत सोडतो, दरवर्षी.
मला सांगवलं नाही.