पाचव्या सामन्याची भाकणूक

दोन-दोन झालेत.
उद्या पाचवा, आणि मग फिरती ढाल
वर्षभर कुणाच्या तरी कपाटावर.

अशोक चौकात टपरीवर मलकप्पा म्हणतो,
बाळ्याच्या पोरी. लिहून घ्या.
तौफिक बागवान म्हणतो, काय बे,
पूर्व भाग घरच्या मैदानावर हरतो होय?
पैज दोन किलो शेंगाचटणीची.
"सर, तुम्ही सांगा. वही तुमच्याकडं असते."

वही असते, खरंय.
चार सामने, अठ्ठावीस डाव,
शिसपेन्सिलीच्या बारीक चौकटी,
कोण कुठल्या बेसवर अडकलं,
कोण एकही चेंडू न मारता परतलं.

जानेवारीत होम मैदानावर
वासराची भाकणूक बघायला मीही गेलो होतो.
दिवसभर उपाशी ठेवलेलं,
पुढ्यात गूळ, गाजर, बोरं, ऊस,
आणि ते कशालाच तोंड न लावता
नुसतं माणसांकडं बघत राहिलं.
लोकांनी त्याचाही अर्थ काढला.

लावण्या चिलवेरी फेकते तेव्हा
चेंडू शेवटच्या हातभर अंतरात खाली बसतो,
कुणी हाक मारल्यासारखा.
तिची आई रोज हजार विड्या वळते:
पान, तंबाखू, दोऱ्याची गाठ, पुन्हा पान.
बोटं लेकीनं तिचीच घेतलीत.
चेंडूवर एकशे आठ टाके, लाल,
डोळे मिटून ती सांगते
कुठला कुठं उसवायला आलाय.

काल सामना संपल्यावर नळावर
तिनं बाटली डाव्या हातानं भरली.
टोपण दातांत धरून डाव्यानंच लावलं.
उजवा हात जर्किनच्या खिशात, मनगटापर्यंत.
मग माझ्याकडं बघितलं.
मी वही मिटली.

वहीत या गोष्टीला चौकट नाही.

उद्या साडेपाचला मावळतीचं ऊन
उजव्या कोपऱ्यातल्या पोरीच्या थेट डोळ्यांत जाईल,
एवढं छातीठोक सांगतो.
बाळ्याची शिवलीला बिराजदार
नेमकी तिकडंच उचलून मारते.
पण त्याआधी लावण्याला फेकावं लागेल.
सात डाव. शंभरेक चेंडू.

"सर, बोला की."
मी चहा बशीत ओततो, फुंकतो.
म्हणतो, वासरू अजून उभंय बाबांनो.

म्हंजे बाळे, म्हणतो मलकप्पा.
तौफिक मांडीवर थाप मारतो:
म्हंजे लावण्याच!