कळ

शेफील्ड, पहाटेचे तीन.
छातीवरच्या चिकट टिकल्या
नर्सने ओढून काढल्या, केसांसकट.
आलेख ठीक. वय सव्वीस.

"टोचतं? की दाबल्यासारखं?"
तिच्या भाषेत मी कळ शोधत राहिलो.
जिन्याच्या सातव्या पायरीवर आली,
श्वास अर्ध्यात अडला,
दुधाची बाटली मात्र हातातून सुटू दिली नाही.

पडद्यापलीकडे कॅलम, एकवीसचा.
एक फुप्फुस मिटलंय त्याचं, छत्रीसारखं.
हसतो, आणि लगेच पस्तावतो.

उशाशी लाल कळ.
लागलंच तर दाब, म्हणाली.

घरी कळवलेलं नाही.
तिथे साडेसात; आई गॅलरीत कपडे वाळत घालत असेल.
अख्ख्या एका 'हॅलो'ला पुरेल
एवढा श्वास
साठवतोय.