फेओक्लाची फुंकर

कोडिएकच्या धक्क्यावर फेओक्ला
समुद्री पाणमांजराच्या कातड्यावर फुंकर घालते.
केस दुभंगतात, तळ काही दिसत नाही.
"इथवर पाणी पोचलं की संपलं," ती म्हणते.
"अंगावर चरबीचा कण नाही याच्या.
हवा पांघरून जगतं."

समोर खाडीत एक मादी उताणी तरंगतेय.
पोटावर दगड, दगडावर शिंपला,
खट् खट् खट्,
उघडेना, तर आणखी खट्.
खाऊन झालं की दगड पुन्हा काखेत.
आपल्याकडे काखेतला कळसा विसरतात,
ही नाही विसरत.

वजनाच्या चौथा हिस्सा रोज पोटात जायला हवा,
नाहीतर आतली शेगडी विझते.
उरलेला वेळ लव विंचरण्यात,
उलटीसुलटी करून तिच्यात हवा कोंबण्यात.
नटणं नव्हे हे. रोजच्या रोज
घर शाकारणं.

बुडी मारण्याआधी ती पिल्लाला
केल्पच्या लांब पट्ट्यात गुंडाळते.
पिल्लू बुडत नाही, बुडूच शकत नाही,
इतकी हवा भरून ठेवलीय त्याच्यात.
वाहून मात्र जाईल.
आणि ओरडेल. ओरडतंच आहे.

फेओक्ला दाताने दोरा तोडते.
मुलगा नऊ दिवस खेकड्यांच्या बोटीवर.
त्याच्या हातमोज्याचं एक बोट शिवायचं राहिलंय.
"केवढा आहे हात त्याचा?" मी विचारतो.
ती आपलाच अंगठा बघत राहते.
"मागच्या हिवाळ्यात एवढा होता," म्हणते,
आणि मोज्याच्या रिकाम्या बोटात
फुंकर मारून बघते.