ठासणीची

फंडीच्या उपसागरावरून धुकं आत आलेलं.
एल्डन टिंगलीने टेबलावर बंदूक ठेवली.
"खापरपणजोबांची. राजाच्या बाजूने लढले."

मी भिंग धरलं.
चापाच्या पट्टीवर मुकुट नव्हताच,
पुसट फ्रेंच अक्षरं, म्हणजे शत्रूची.
दस्त्यावर चाकूने कोरलेलं नाव,
तेही टिंगली नव्हे.
तो चहा ओतत राहिला.

मग मी नळीत गज सोडला,
बाहेर काढून नळीलगत धरला:
वीतभर कमी.

"लहानपणी हिच्यावर
घोडा घोडा खेळायचो आम्ही," तो म्हणाला.
"थॅडियस तर नळीला डोळा लावून
आतला काळोख बघायचा."

मी गज पुन्हा सोडला.
पुन्हा तिथेच टेकला.

एल्डनने आपला कप
नळीच्या तोंडासमोरून
हळूच बाजूला घेतला.